स्टॅम्पचे ठसे चित्रात मुरवायचे कसे?

मिक्स्ड मीडियात, म्हणजे एकाच चित्रात रंग, शाई, कागद अशी वेगवेगळी साधनं घेताना, स्टॅम्प वापरणाऱ्यांकडून तीन तक्रारी हमखास येतात आणि तुमच्या प्रश्नात तिन्ही आहेत. ठसे वरून चिकटवल्यासारखे दिसतात, खालच्या रंगांत मिसळत नाहीत. ठशावरून जेल मीडियमचा (चित्रावर लावायच्या घट्टसर, पारदर्शक लेपाचा) हात फिरवला की शाई पसरते आणि सगळं राखाडी होतं. आणि मॉडेलिंग पेस्टमध्ये (उठावदार पोत काढायच्या जाड लेपामध्ये) स्टॅम्प दाबून पोत आणायला जावं तर पेस्टच स्टॅम्पला चिकटून वर येते. दुसऱ्या आणि तिसऱ्या तक्रारीला सरळ तांत्रिक उत्तरं आहेत. पहिलीचं उत्तर मोठं आहे आणि माझ्या मते तेच जास्त महत्त्वाचं, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

विकत मिळणारा स्टॅम्प बहुतेकदा एक पूर्ण चित्र असतो: फुलपाखरू, घड्याळ, पान, पोस्टाचा शिक्का. शुभेच्छापत्रावर तो स्वच्छ, सरळ, मधोमध उमटवणं हे कौशल्य मानतात आणि तिथे ते बरोबरच आहे. तीच सवय घेऊन आपण मिक्स्ड मीडियाकडे येतो. पार्श्वभूमी रंगवून होते, ती वाळते, मग सगळ्यात शेवटी काळ्या शाईत एक फुलपाखरू नेटकं बसवलं जातं. ते उपरं दिसणारच. त्याच्या कडा सगळीकडे सारख्याच धारदार असतात, त्याचा काळेपणा चित्रातल्या दुसऱ्या कशाशी जुळत नाही आणि त्याच्यावर काहीच आलेलं नसतं. एखादी गोष्ट दुसऱ्या गोष्टीच्या मागे गेलेली दिसली की डोळ्याला खोली कळते. ज्याच्यावर काहीच नाही ते कायम सगळ्यांच्या पुढे उभं राहतं.

म्हणून माझं पहिलं सांगणं असतं की ठसा मुरू द्या. तो लवकर उमटवा, अर्धवट उमटवा, त्याच्यावर रंगाचा पातळ पडदा येऊ द्या, कागद येऊ द्या, काही भाग पुसला जाऊ द्या. चित्र पूर्ण होईपर्यंत बहुतेक ठशांवर काही ना काही चढलेलं असावं. बघणाऱ्याला फुलपाखरू ओळखू आलं नाही, नुसती पंखावरच्या शिरांची जाळी दिसली, तरी ठसा कामी आला असं समजा.

ही वाट जुनी आहे. जर्मन कलाकार कुर्ट श्विटर्सने १९१९ च्या सुमारास कचेरीतले रबरी शिक्के घेऊन रेखाटनं केली. शिक्क्यांवरचे शब्द त्याने तिरपे, वाकडे, एकमेकांवर चढवून उमटवले, सोबत हाताने काढलेल्या रेषा घेतल्या. त्यातले शब्द वाचता येतात, पण चित्रात ते रेषेचं काम करतात. पुढे १९५० च्या दशकात फ्रान्समध्ये जन्मलेल्या आर्मान या कलाकाराने ‘काशे’ (फ्रेंचमध्ये ‘शिक्के’) या मालिकेत शिक्क्यांचे ठसे इतके दाट मारले की सगळा कागद त्यांच्या गर्दीने भरून गेला. एक ठसा वेगळा काढून बघावा असं तिथे वाटतच नाही. एकच आकार पुन्हा पुन्हा आला की डोळा त्याला वस्तू म्हणून बघणं सोडतो आणि पोत म्हणून बघायला लागतो. स्टॅम्पने थर बांधायचे म्हणजे मुख्यतः याच गोष्टीचा फायदा घ्यायचा.

आता स्टॅम्पची निवड. खूप स्टॅम्प असणं हीच पुष्कळदा अडचण होते, कारण मग सगळेच एका चित्रात येतात. एका चित्राला तीन-चार पुरतात, फक्त त्यांच्या आकारमानात ठळक फरक हवा. एक अगदी बारीक आणि दाट: ठिपके, जाळी, बारीक अक्षरांचा मजकूर. एक मध्यम आणि मोकळा: वर्तुळं, पानं, चौकटी. आणि एक मोठा, ठळक, जो एकदाच किंवा दोनदा येईल. तिन्ही मध्यम आकाराचे घेतले तर चित्र गजबजतं आणि तरीही सपाट राहतं. तुमच्याकडे मजकुराचा स्टॅम्प असेल तर तो हाताशी ठेवा. बारीक अक्षरं लांबून राखाडी छटेसारखी दिसतात आणि जवळ आल्यावर उलगडतात, त्यामुळे पार्श्वभूमीला त्याच्याइतका उपयोगी स्टॅम्प दुसरा नाही.

स्टॅम्प कशाचा आहे हेही पाहा. लाल रबराचा स्टॅम्प शाई चांगली धरतो, बारीक रेषा नीट देतो आणि उष्णता व सॉल्व्हंट (शाई-रंग विरघळवणारे द्रव) बऱ्यापैकी सोसतो. पारदर्शक फोटोपॉलिमरचा स्टॅम्प कुठे बसतोय ते आरपार दिसतं, ही त्याची मोठी सोय. पण ऊन आणि तीव्र सॉल्व्हंट त्याला मानवत नाहीत, तो पिवळा पडतो, कडक होतो. नवा असताना त्याच्यावर शाई थेंब-थेंब होऊन बसते. पेन्सिलीचं खोडरबर पृष्ठभागावर हलकेच फिरवलं की हा गुळगुळीतपणा जातो. फोमच्या स्टॅम्पवर बारीक काम होत नाही, पण अ‍ॅक्रिलिक रंगासाठी तोच सगळ्यात चांगला, कारण तो रंग शोषून धरतो आणि खडबडीत पृष्ठभागावर दाबला तर वाकतो.

शाई पसरण्याचं कारण शाईच्या जातीत आहे. पॅडवर काय छापलंय ते वाचा. डाय शाई पाण्यात विरघळते आणि कागदात शिरते. कोऱ्या कागदावर ती पटकन वाळते, म्हणून ती पक्की झाली असं वाटतं, पण ओला ब्रश लागला की बहुतेक डाय शाया पुन्हा जाग्या होतात. जेल मीडियम, मॅट मीडियम (त्याचाच पातळ, न चमकणारा प्रकार), जेसो (रंगाआधी लावायचा पांढरा, खरखरीत अस्तर-रंग), अ‍ॅक्रिलिक हे सगळे पाण्यावर आधारलेले आहेत, त्यामुळे त्यांच्याखाली अशी शाई टिकत नाही. पिगमेंट शाईतले रंगाचे कण पृष्ठभागावरच बसतात. तिचा रंग दाट, पण ती सावकाश वाळते आणि वाळलेल्या अ‍ॅक्रिलिकवर तर तासन्‌तास ओली राहू शकते, कारण अ‍ॅक्रिलिकचा थर म्हणजे प्लास्टिकची पापुद्र्यासारखी फिल्मच असते, तिथे शाईला शिरायला जागा नसते. हीट गनने (गरम हवेचा झोत सोडणाऱ्या यंत्राने) गरम केलं तर ती बसते. आर्काइव्हल किंवा परमनंट म्हणून मिळणारी शाई वाळल्यावर पाण्याला दाद देत नाही, थरांच्या कामासाठी मी बहुतेक वेळा हीच घेते. सॉल्व्हंट शाई काच, प्लास्टिक, गुळगुळीत अ‍ॅक्रिलिक अशा कशावरही धरते, पण तिला उग्र वास असतो, खिडकी उघडी ठेवून वापरावी.

लेबलवर विसंबून राहू नका. जाड कागदाची एक पट्टी घ्या. अर्ध्या पट्टीवर जेसो लावा, उरलेल्या अर्ध्यावर अ‍ॅक्रिलिक रंग, आणि दोन्ही वाळू द्या. तुमच्याकडच्या प्रत्येक शाईचा एक ठसा दोन्ही भागांवर मारा, खाली नाव लिहा आणि एक दिवस ठेवा. दुसऱ्या दिवशी ओल्या ब्रशने सगळ्या ठशांवरून एकदा मॅट मीडियम फिरवा. कोण पसरलं, कोण जागेवर राहिलं ते डोळ्यांसमोर येतं. ज्या पसरल्या त्या शाया टाकून द्यायच्या नाहीत. पसरणारी शाई मुद्दाम वापरता येते: ठसा मारायचा, त्यावर पाण्याचा बारीक फवारा द्यायचा आणि कडा विरघळू द्यायच्या. मागच्या थरात अशा धूसर कडा फार छान दिसतात. फक्त त्यानंतर फिक्सेटिव्हच्या (शाई पक्की करणाऱ्या द्रवाच्या) फवाऱ्याचे एक-दोन हलके हात द्या, मोकळ्या हवेत, आणि मगच ब्रश लावा. फवाऱ्याने शाई जागेवर बसते, ब्रशच्या घासण्याने ती उचलली जाते.

शाईऐवजी थेट अ‍ॅक्रिलिक रंगाने ठसे मारले तर पसरण्याचा प्रश्नच मिटतो. माझ्या बहुतेक चित्रांत शाईपेक्षा रंगाचेच ठसे जास्त असतात. इथे रंग किती घ्यायचा यावर सगळं आहे. स्टॅम्प रंगात बुडवला तर खाचा भरतात आणि कागदावर नुसता डाग येतो. काचेवर किंवा प्लास्टिकच्या तुकड्यावर घट्ट रंगाचा लहानसा गोळा घ्या, ब्रेयर म्हणजे रबरी रोलर त्यावर पुढे-मागे फिरवा. सुरुवातीला रोलर घसरतो, रंग फताफत हलतो. थोड्या वेळात थर पातळ आणि एकसारखा होतो, रोलरखालून चिकट ‘चर्र’ असा आवाज येऊ लागतो आणि रंगाची झळाळी जाऊन मखमलीसारखा दाणा दिसतो. आता हा रोलर स्टॅम्पवर फिरवा. रोलर नसेल तर मेकअपचा स्पंज चालेल, त्याने टिपटिप करत लावा. अ‍ॅक्रिलिक भराभर वाळतं, म्हणून ठसा मारला की स्टॅम्प लगेच पाण्याच्या भांड्यात टाका किंवा ओल्या फडक्यावर पालथा ठेवा. रेषांमध्ये वाळलेलं अ‍ॅक्रिलिक सहज निघत नाही.

रंग असा लावलेला असेल तर एकदा लावून दोन-तीन ठसे घ्या. दुसरा ठसा पहिल्यापेक्षा फिका आणि तुटक येतो, तिसरा तर नुसती चाहूल. हे तिन्ही चित्रात शेजारी-शेजारी आले की एक पुढे, एक मागे आणि एक फार मागे दिसतो, वेगळं काही न करता. म्हणून प्रत्येक ठशाला नव्याने रंग लावू नका. ठसा कागदाच्या कडेबाहेर जाऊ द्या. स्टॅम्पच्या एकाच कोपऱ्याला रंग लावा. थोडा फिरवून त्याच जागी पुन्हा मारा. स्टॅम्प ठोकळ्यावरून काढून बोटांनी दाबला तर दाब कमी-जास्त पडतो आणि काही भाग सुटतो. तो सुटलेला भाग भरायला जाऊ नका.

आता खरा मुद्दा, दोन थरांच्या मध्ये काय येतं. ठशावर ठसा, त्यावर पुन्हा ठसा असं करत गेलात तर थर होत नाहीत, गर्दी होते. दर दोन-तीन वेळच्या ठशांनंतर एक पडदा हवा. पडदा म्हणजे अर्धपारदर्शक रंगाचा पातळ थर, जो खालच्या सगळ्याला थोडं मागे ढकलतो आणि खालच्या भांडणाऱ्या रंगांना एका छटेत आणतो.

यासाठी पांढरा जेसो सर्वांत हाताशी असतो. त्यात मातकट पिवळ्याचा किंवा भुऱ्या रंगाचा अगदी थोडा अंश मिसळून घ्या, कारण निव्वळ पांढरा जेसो थंड आणि खडूसारखा दिसतो. ब्रशने लावण्यापेक्षा जुन्या प्लास्टिक कार्डाने लावा. चित्राच्या एका बाजूला जेसोची रेघ टाका आणि कार्ड तिरपं धरून दाब देत ओढा. कार्ड जिथे उंचवट्यावरून जातं तिथे जवळजवळ काहीच उरत नाही, खालचा ठसा स्वच्छ दिसतो. खोलगट जागी जेसो भरून राहतो आणि ठसा दुधाळ धुक्यामागे जातो. मध्येच कार्ड अडखळतं, तिथे जेसोची एक जाडसर कड उठते. ती कड पुसू नका, पुढे तिच्यावर रंग अडतो. दोन मिनिटं थांबा आणि जिथे फार झाकलं गेलं असेल तिथे ओल्या फडक्याने टिपून थोडं उघडं करा. याच पायरीवर चित्राला पहिल्यांदा खोली येते. एकाच ठशाचा अर्धा भाग समोर आणि अर्धा मागे गेलेला असतो, आणि मुरणं म्हणतात ते हेच. जुन्या भिंतीवर जाहिरातींचे कागद वर्षानुवर्षं एकावर एक चढतात, फाटतात, पुन्हा चढतात आणि मग त्या भिंतीकडे बघत राहावंसं वाटतं, तसं काहीसं इथे घडतं.

पडदा पूर्ण वाळला की पुढचे ठसे. दर वेळी गडदपणाचं भान ठेवा. मागच्या थरांत फिक्या आणि मध्यम छटा, गडद शेवटच्या थरांसाठी राखून. सुरुवातीलाच काळी शाई वापरली तर तिला मागे ढकलायला जेसोचे इतके हात लागतात की बाकीचं सगळं झाकलं जातं. रंग आकर्षक असले की छटेचा अंदाज चुकतो, म्हणून मधूनमधून फोनवर फोटो काढून तो कृष्णधवल करून बघा. सगळं एकाच राखाडीत दिसलं तर अजून थर घालून काही होणार नाही, आधी कुठेतरी स्पष्ट फिकं आणि कुठेतरी स्पष्ट गडद आणावं लागेल.

झाकण्याइतकंच काढून घेणंही थर देतं आणि स्टॅम्प त्यात फार उपयोगी पडतो. वाळलेल्या गडद थरावर फिक्या अ‍ॅक्रिलिकचा पातळ हात द्या आणि तो ओला असतानाच स्वच्छ, कोरडा फोमचा स्टॅम्प दाबून सरळ वर उचला. स्टॅम्पला रंग लागून निघतो आणि खालचा गडद थर आकाराच्या रूपात दिसू लागतो. दुसरा प्रकार आयसोप्रोपिल अल्कोहोलचा. वरचं अ‍ॅक्रिलिक नुकतंच वाळलेलं असताना अल्कोहोलने ओलसर केलेल्या फेल्टच्या तुकड्यावर लाल रबराचा स्टॅम्प टेकवा, चित्रावर काही सेकंद दाबा आणि लगेच कोरड्या फडक्याने टिपा. अल्कोहोल अ‍ॅक्रिलिकला मऊ करतं, त्यामुळे ठशापुरता वरचा रंग निघतो आणि खालचा झिजल्यासारखा दिसतो. अल्कोहोल ज्वालाग्राही आहे, जवळपास हीट गन चालू नको.

याच्या उलट बाजूने, रंग चढूच नये अशीही सोय करता येते. फिक्या थरावर एम्बॉसिंगच्या (उठावदार ठशासाठीच्या) पारदर्शक, चिकट शाईने ठसा मारून त्यावर पारदर्शक एम्बॉसिंग पावडर टाका, जादा झटका आणि हीट गनने वितळवा. मग वरून गडद रंगाचा पातळ वॉश, म्हणजे पाणी घालून पातळ केलेल्या रंगाचा हात, द्या. वितळलेल्या ठशावर रंग धरत नाही, ओल्या फडक्याने पुसला की खालची फिकी छटा तशीच चमकते. पावडर नको असेल तर ग्लॉस (चमकदार) जेल मीडियम स्पंजने स्टॅम्पवर लावून जेसोच्या थरावर ठसा मारा. दिसणार काहीच नाही, पण वाळल्यावर वॉश दिला की जेसोचा खरखरीत भाग रंग पितो आणि जेलचा भाग नाकारतो. मला हा दुसरा प्रकार जास्त आवडतो, कारण याच्या कडा मऊ येतात आणि नंतर त्यावर काहीही बसवता येतं. एम्बॉसिंगचा गुळगुळीत उंचवटा मात्र पुढच्या थरांतही डोकावत राहतो.

आता पेस्ट. मॉडेलिंग पेस्टमध्ये ठसा उमटवण्यासाठी तीन गोष्टी जमल्या पाहिजेत: खोल कोरलेला स्टॅम्प, पुरेशी जाडी आणि योग्य वेळ. बारीक रेषांचा किंवा मजकुराचा स्टॅम्प पेस्टमध्ये उमटत नाही, खाचा भरून जातात आणि नुसता चोळामोळा होतो. रुंद रेषांचे, मोकळ्या आकाराचे स्टॅम्प घ्या. पेस्टचा थर पॅलेट नाइफने दोन-तीन मिलिमीटर जाड आणि सपाट पसरवा. लगेच दाबू नका. ओली पेस्ट चमकते. काही मिनिटांत ती चमक जाते आणि बोट अलगद टेकवलं तर बोटाला काही लागत नाही, पण खाली मऊपणा जाणवतो. ही ती वेळ. स्टॅम्पवर पाण्याचा बारीक फवारा द्या, किंवा त्याला एम्बॉसिंगची ती पारदर्शक शाई लावा, म्हणजे पेस्ट आणि रबर यांच्यामध्ये एक निसरडा थर राहतो. सरळ खाली दाबा, हलवू नका आणि एका कोपऱ्यापासून सावकाश उचला. उचलताना पेस्टची टोकं वर ओढली गेली तर घाई झाली, आणखी थांबा. ठशाच्या कडा फाटल्या, भेगा पडल्या तर उशीर झाला. पहिल्या वेळी पेस्ट चिकटून आली तर पॅलेट नाइफने पुन्हा सपाट करा आणि थोड्या वेळाने परत दाबा, पेस्ट ओली आहे तोवर काहीच वाया जात नाही. पाण्याऐवजी स्टॅम्पला डाय शाई लावून दाबलात तर ठशाच्या तळाशी रंगही उतरतो. स्टॅम्प मात्र त्याच क्षणी जुन्या टूथब्रशने धुवायचा.

पेस्ट रात्रभर वाळू द्या, थर जाड असेल तर पूर्ण दिवस. हीट गनने घाई केली तर वरची साय आधी वाळते, आतली वाफ फुगे काढते आणि ठसा बिघडतो. वाळलेली पेस्ट रंग शोषते, म्हणून आधी मॅट मीडियमचा एक पातळ हात द्या. मग पातळ गडद ग्लेझ (मीडियम मिसळलेला पारदर्शक रंग) सगळीकडे लावा आणि अर्ध्या मिनिटात फडक्याने वरवर पुसा. खाचांत गडद रंग राहतो, उंचवटे मोकळे होतात. तो वाळल्यावर जवळजवळ कोरड्या ब्रशने, फिका रंग जेमतेम घेऊन, उंचवट्यांवरून हलकेच फिरवा. एवढं केलं की पोत डोळ्यांत भरतो. मीडियमचा तो हात चुकवला तर ग्लेझ पुसलंच जात नाही आणि पोत एकाच रंगात बुडून जातो.

पेस्टने पृष्ठभाग खडबडीत झाला की त्याच्यावर पुन्हा स्पष्ट ठसा कसा मारायचा, हा पुढचा प्रश्न ठरलेला. थेट मारू नका. टिश्यू पेपरवर परमनंट शाईने ठसा मारा, वाळू द्या आणि त्याभोवतीचा कागद हाताने फाडा, कात्रीने कापू नका. कापलेली कड दिसते, फाडलेली विरते. चित्रावर मॅट मीडियम लावा, टिश्यू त्यावर अलगद ठेवा, मधून कडांकडे बोटाने बसवा आणि वरून पुन्हा मीडियम द्या. ओला टिश्यू लगेच फाटतो, त्यामुळे ब्रश मऊ हवा आणि एका जागी एकदाच फिरवायचा. सुकताना टिश्यू जवळजवळ पारदर्शक होतो. कागद दिसेनासा होतो आणि फक्त शाईच्या रेषा खड्ड्या-उंचवट्यांवरून वाहत गेलेल्या दिसतात. बारीक रेषांचे सुंदर स्टॅम्प तुमच्याकडे असतील तर त्यांची जागा इथे आहे. आणखी एक फायदा: चिकटवण्याआधी टिश्यू चित्रावर फिरवून जागा ठरवता येते. एका बैठकीत पाच-सहा टिश्यूंवर ठसे मारून ठेवले की पुढे कामात खंड पडत नाही.

पृष्ठभागाबद्दल थोडक्यात. कागद ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) वॉटरकलर कागद किंवा त्याहून जाड घ्या आणि मागच्या बाजूलाही जेसोचा हात द्या, नाहीतर तो वाकतो. चौकटीवर ताणलेल्या कॅनव्हासवर ठसा मारताना कापड खाली दबतं आणि मधला भाग उमटतच नाही. कॅनव्हासच्या मागे, चौकटीच्या आत, तिच्या जाडीएवढं पुस्तक ठेवा म्हणजे आधार मिळतो. सपाट कागदाखाली मात्र थोडा मऊपणा हवा, फोमची पातळ शीट पुरते. आणि अ‍ॅक्रिलिकच्या मधल्या थरांत तेलखडू वापरू नका. त्याच्यावर पुढचा जेसो धरत नाही आणि नंतर सोलून निघतो. तेलखडूची जागा सर्वात शेवटी.

विकतच्या स्टॅम्पबरोबर स्वतः बनवलेले ठसे मिसळा, ही माझी आग्रहाची सूचना आहे. विकतच्या स्टॅम्पची रेषा कितीही सुंदर असली तरी ती दुसऱ्या कुणाची असते आणि तीच रेषा इतरांच्याही चित्रांत असते. फोमच्या शीटवर बॉलपेनने दाबून रेघोट्या ओढा, जाड पुठ्ठ्यावर चिकटवा, झाला स्टॅम्प. फोम हीट गनने गरम करून वाळक्या पानावर, दोरीवर, जाळीवर दाबलात तर त्याचा पोत फोमवर उतरतो. खोडरबर कोरून लहान खुणा करता येतात, फक्त अक्षर असेल तर ते उलटं कोरायचं. लाकडाच्या तुकड्यावर सुतळी गुंडाळा, पन्हाळीदार पुठ्ठ्याचा वरचा कागद सोलून काढा, बाटलीच्या झाकणाची कड, बबल रॅप. यांतला प्रत्येक ठसा थोडा वाकडा येतो आणि विकतच्या काटेकोर ठशांना त्याने सैलपणा येतो. चित्रं विकायची असतील तर आणखी एक कारण आहे: विकतच्या स्टॅम्पवरच्या नक्षीवर कंपनीचा हक्क असतो आणि विक्रीच्या कामात ती कितपत वापरू द्यायची याचे नियम प्रत्येक कंपनी स्वतः ठरवते. ते आधी वाचा. स्वतः कोरलेल्या ठशाला हा प्रश्न येत नाही.

राहिलं तुमचं आत्ताचं चित्र, ज्याच्यावर ठसे चिकटवल्यासारखे दिसताहेत. ते टाकू नका, त्याच्यात खालचा थर तयारच आहे. शाई ओल्या बोटाला लागते का बघा, लागत असेल तर आधी फिक्सेटिव्ह. मग कार्डाने जेसोचा पडदा ओढा आणि ज्या ठशावर तुमचा सगळ्यात जास्त जीव आहे नेमका त्याचाच अर्धा भाग झाकू द्या. हे जड जातं, पण चित्रात सगळ्यात उपरा बहुतेकदा तोच असतो. वाळल्यावर बारीक मजकुराचा स्टॅम्प पडद्याच्या कडेवर, अर्धा आत अर्धा बाहेर, मध्यम छटेत दोन-तीनदा मारा, एकदाच रंग लावून. एका जागी मूठभर आकाराएवढी पेस्ट पसरून तिच्यात मोकळ्या रेषांचा ठसा दाबा. दुसऱ्या दिवशी त्या पोतावर ग्लेझ द्या आणि तोच ग्लेझ थोडा पातळ करून त्या जुन्या ठशावरूनही न्या, म्हणजे दोघांत एक रंग समान होईल. मग कृष्णधवल फोटो काढा आणि सगळ्यात गडद जागा कुठे हवी ते ठरवा. त्या एका जागी, टिश्यूवर घेतलेला काळा ठसा बसवा, आणि त्याचीही एक कड पुढच्या रंगाखाली जाईल इतकी जागा ठेवा.